सहा नंबरची चादर

नवीन आलेल्या बाईनं माझ्या हातात दात रोवले तेव्हा मला दुखलं नाही. मी नुसती बघत राहिले.

सकाळची आंघोळीची वेळ होती. सहा नंबर हा मनोरुग्णालयातला बायकांचा वॉर्ड. त्याच्या मागं फरशी घातलेलं अंगण होतं, चारी बाजूंनी उंच भिंत, मधे दगडी हौद आणि भिंतीलगत तारांवर वाळत घातलेल्या चादरी. ही सरस्वती नावाची बाई आदल्या संध्याकाळी भरती झाली होती आणि पाण्याला बिचकत होती. मी तिला दंडाला धरून हौदाशी आणलं, पहिला तांब्या खांद्यावर ओतला, तशी तिनं मान वळवून मला कोपराच्या खाली धरलं. चावून सोडलं असतं तर गोष्ट वेगळी. तिनं सोडलंच नाही. माझं रक्त तिच्या हनुवटीवरून फरशीवर ठिबकत होतं आणि माझ्या मनात आलं, आता ही फरशी पुन्हा घासायला लागणार.

"मालनबाई, चादर टाकू का?" मागून शेवंतानं विचारलं.

"टाक की. मुहूर्त बघतीस काय?"

शेवंतानं तारेवरची चादर ओढली, फिरून समोर आली, दोन्ही हातांत पसरून बाईच्या डोळ्यांदेखत धरली आणि मग डोक्यावरून टाकली. आणखी दोघींनी दोन बाजूंनी मिठी मारली. अंधार झाला तसे बाईचे दात सैल पडले. आम्ही तिला कुशीवर निजवलं. शेवंता उशाशी बसली, चादरीवरूनच तिचं कपाळ तळहातात धरलं आणि बोलायला लागली.

"सरस्वती. ए सरस्वती. आज मुगाची आमटी हाय. भात हाय. शनवार हाय, शेंगदाण्याची चटणी हाय. सरस्वती."

थोड्या वेळानं चादरीखालून बारीक आवाज आला. "तिखट हाय का चटणी?"

"न्हाई बाय. तुला न्हाई लागायची तिखट."

मी तोवर हातावर पाणी ओतून घेतलं. मांसात दातांचे वळ उमटले होते आणि मधलं कातडं लोंबत होतं. मी तिथं बोटानं दाबून बघितलं. काही नाही. मला भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

ही चादरीची रीत हौसामावशीची. हौसामावशी आमची मुकादमीण, म्हणजे वॉर्डातल्या आयांची म्होरकी. मी नोकरीला लागले तेव्हा तिनंच मला शिकवलं. चादर मागून टाकायची नाही, मागून आलेल्या माणसाला कुणीही मारतं. उशाशी बसायचं ते नाव घेत बसायचं, बाई नाही, ताई नाही, आईनं ठेवलेलं नुसतं नाव. आणि आज जेवायला काय आहे ते सांगायचं. "माणूस हरवलं की त्येला देवाधर्माचं सांगून उपेग न्हाई," ती म्हणायची. "आमटीचं सांगायचं. आमटी खरी असती." आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तोंडाकडं बघायचं नाही. तोंड लबाड असतं. हाताकडं बघायचं. अंगठा मुठीच्या आत गेला की समजायचं, आता ही बाई फुटणार, आणि चादर घ्यायची.

मोठ्या डॉक्टरांना ही रीत पसंत नव्हती. इंजेक्शन आहे, सिस्टर आहे, त्यांना बोलवा, असं ते म्हणायचे. पण सिस्टर तीन वॉर्डांत मिळून एक, आणि ती येईपर्यंत कुणाचा डोळा जायचा कुणाचा कान. वॉर्डात चार आया असायला हव्यात. आम्ही दोघी होतो, आणि त्या शनिवारी दुसरी तापानं घरी निजलेली. म्हणून शेवंता आणि त्या दोघी.

शेवंता पेशंटच. आली तेव्हा बैलासारखी ताकद होती तिच्यात आणि डोळ्यांत ओळख नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिनं माझं मनगट पिरगाळून मोडलं. मारामारी करणाऱ्या पेशंटला नऊ नंबरला टाकायचे. नऊ नंबर म्हणजे लोखंडी दारांच्या खोल्या, एकीत एक. तिथं गेलेली बाई मी तरी परत आलेली बघितली नव्हती. का कुणास ठाऊक, मी सांगितलं की अंगणात पाय घसरला. त्या वेळी मला माणसांचं अजून काही वाटायचं.

ती शेवंता आता बरी झाली होती. गोळ्या वेळेवर घ्यायची, इतर बायकांच्या वेण्या घालायची. तिची लेक भावाकडं वाढत होती. इतकी वर्षं फिरकला नव्हता तो भाऊ मागच्या आठवड्यात येऊन डॉक्टरांना भेटून गेला, सोमवारी न्यायला येतो म्हणाला. शेवंतानं त्याच दिवशी उशीच्या अभ्र्यात आपले कपडे भरून गाठ मारून ठेवली होती. रात्री ती गाठोडं पोटाशी घेऊन झोपायची. "लेक वळखंल का न्हाई मला," असं रोज एकदा तरी विचारायची, आणि मी "वळखंल" म्हणायचे.

माझं सांगायचं तर मी ठेकेदाराची माणूस होते. दहा-अकरा वर्षं झाली होती. हौसामावशी निवृत्त झाली तेव्हा किल्ल्यांचा जुडगा तिनं माझ्या हातात दिला आणि मुकादमिणीचं काम माझ्याकडं आलं. पगार मात्र आयेचाच राहिला. ठेकेदाराचा सुपरवायझर बोधले दर दिवाळीला म्हणायचा, "मालन, या खेपेला तुझंच नाव वर गेलंय. कायम झालीस म्हणून समज." पहिल्या वर्षी मी पेढे वाटले होते. अजून आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

दोन पाळ्या लागोपाठ करून घरी जायचे तेव्हा दारात चप्पल काढायचं भान नसायचं. नवरा टेम्पो चालवायचा, स्वभावानं गरीब. एकदा तो म्हणाला, "तू घरी येतीस, पण आलेली नसतीस." मी हातातलं पातेलं भिंतीवर फेकून मारलं. त्याच्या कानाशेजारनं गेलं. वरण भिंतीवरून ओघळत होतं, पोरं कोपऱ्यात चिकटून बसलेली, आणि मला ना राग होता ना लाज. मी फडकं आणलं आणि भिंत पुसली. असं माझं चाललं होतं. मी सोडून सगळ्यांना ते दिसत होतं.

तर शनिवारी सरस्वतीला उठवून आत पाठवलं, हाताला चिंधी बांधली आणि पुढच्या बायकांना बोलावलं. पाच-सहा जणी अंगावर पाणी घेत होत्या. तेवढ्यात अंगणाचं दार उघडलं आणि बोधले आत आला.

आंघोळीच्या वेळी अंगणात पुरुषानं यायचं नाही. मोठे डॉक्टरसुद्धा बाहेरची घंटा वाजवायचे आणि थांबायचे. बोधले घंटा न वाजवता आला. बरोबर एक पोरगी होती, कोऱ्या गणवेशाच्या साडीत, पदराला पिना लावलेली. बायका हौदाआड दडल्या. शेवंतानं तारेवरच्या चादरी ओढून त्यांच्या अंगावर टाकल्या.

"साहेब, बायका न्हात्यात. भाईर थांबा," मी म्हणाले.

"अगं, त्यांना काय कळतंय?"

"मला कळतंय न्हवं."

तो हसला. तोंड जरा भिंतीकडं केलं, पण हलला नाही. "दोन मिनिटांचं काम आहे. ही ऋतुजा. आजपासून सहा नंबरची मुकादमीण. ऑर्डर झाली काल. कायम."

मी पोरीकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

"माझं नाव गेलं हुतं वर," मी म्हणाले.

"गेलं होतं ना. मी कुठं नाही म्हणतोय? पण वरती शिक्षण बघतात, वय बघतात. पुढच्या खेपेला बघू तुझं. आणि हिला जरा सगळं शिकव बाई. तुझ्याइतकं कुणाला येतंय इथं?"

हे तो खरंच कौतुकानं म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"आंघोळी हू देत," मी म्हणाले. "मग शिकवते."

"शिकव निवांत. किल्ल्या दे फक्त आत्ता. मला पुढं तीन वॉर्ड फिरायचेत."

"आंघोळी हू देत म्हटलं की."

"काय तुझ्या आंघोळी घेऊन बसलीस," असं म्हणून त्यानं हात पुढं केला आणि माझ्या कमरेचा जुडगा धरून ओढला. जुडगा साडीत खोचलेला होता. जुडग्याबरोबर निऱ्या सुटल्या. मी एका हातानं साडी धरली, दुसऱ्या हातानं जुडगा. तो सोडेना.

"मालनबाई," शेवंताचा आवाज आला. "मालनबाई, तुमचा अंगठा."

मी खाली बघितलं. साडी धरलेल्या हाताचा अंगठा मुठीच्या आत गेला होता. माझाच अंगठा, पण मी तो दुसऱ्या कुणाचा असल्यागत बघितला, आणि मला एवढंच वाटलं, बरं झालं.

जुडगा लोखंडी. कुलपं जुनी, एकेक किल्ली वितीएवढी. मी हिसडा मारून तो सोडवून घेतला आणि बोधलेच्या तोंडावर हाणला. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. त्यानं तोंडावर हात धरला तर मी हातावर हाणला. बोटांतून रक्त आलं. तो "अगं, अगं" म्हणत मागं सरकला, हौदाच्या कठड्याला अडखळला आणि अर्धा वाकला. मी त्याचे केस धरले. डोकं कठड्यावर आपटलं, मग पाण्यात घातलं आणि मानेवर गुडघा दिला.

त्याचे हात मागं येऊन माझ्या मांड्या ओरबाडत होते. चावलेल्या हातावरची चिंधी सुटून पाण्यात पडली. पाण्यातून बुडबुडे येत होते, तांबडे. ती पोरगी किंचाळत होती. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. हौदाच्या तळाचं शेवाळ दिसत होतं आणि शेवाळ काढायला हवं असं मनात येत होतं. मला त्याला भीती घालायची नव्हती. मला त्याला मारायचं होतं. आधी बुडबुडे थांबतील, मग मी उठेन, मग आंघोळी पुऱ्या करेन, इतका सरळ हिशोब होता.

मग माझ्यासमोर, हौदाच्या पलीकडं, कुणीतरी चादर पसरून धरली. मी ती चांगली बघितली. चादरीच्या वरून शेवंताचे डोळे दिसले. आणि अंधार झाला.

दोन बाजूंनी दोघींनी मला मिठी मारली. मी लाथा झाडल्या, एकीच्या पोटात माझं ढोपर गेलं, ती कण्हली पण तिनं सोडलं नाही. मी चावायला तोंड उघडलं तर तोंडात ओलं कापड आलं, साबणाच्या वासाचं. त्यांनी मला उचललं आणि कुशीवर निजवलं. कुशीवरच, उताणं नाही. कपाळावर एक तळहात आला.

"मालन," शेवंता म्हणाली. "ए मालन."

वॉर्डात मला कुणी नुसत्या नावानं हाक मारत नसे. घरीसुद्धा नाही, घरी मी आई होते आणि अगं होते. आई गेल्यापासून तशी हाक मी ऐकलीच नव्हती.

"मालन. आज मुगाची आमटी हाय. भात हाय. शनवार हाय, शेंगदाण्याची चटणी हाय. ए मालन. आमटी केलीया आज."

मी किती वेळ तशी होते सांगता येणार नाही. बाहेर कुणीतरी खोकत होतं, ओकत होतं. म्हणजे तो जिवंत होता. घंटा वाजत होती. शेवंता माझं नाव घेत होती. पहिल्यांदा मला ती चादर गार लागली. मग हात ठणकायला लागला. सकाळपासून गप्प बसलेला चावा असा काही ठणकला की माझ्या तोंडून ओरडा बाहेर पडला, आणि ओरड्यामागून रडू.

"हात दुखतोय गं," मी म्हणाले. "लई दुखतोय."

"दुखू दे," शेवंता म्हणाली. "दुखतोय म्हंजे आलीस."

त्यांनी चादर काढली तेव्हा दाते मॅडम दारातून आत येत होत्या. या आमच्या वॉर्डाच्या डॉक्टर, कमी बोलणाऱ्या. बोधले हौदाला टेकून बसला होता, पुढचे दोन दात गेलेले, शर्ट लाल. ऋतुजा भिंतीला चिकटून उभी होती. मी फरशीवर होते आणि चादर शेवंताच्या हातात.

"कुणी केलं हे?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत शेवंता म्हणाली, "म्या."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, मग बाकीच्या बायकांकडं. त्या चादरी गुंडाळून उभ्या होत्या. एकीनं मान हलवली. "शेवंतानं क्येलं." दुसरी म्हणाली, "व्हय, शेवंतानं." मी ते तसंच जाऊ दिलं. खरं सांगायचं तर माझं डोकं अजून चादरीखालीच होतं.

दुपारी वॉर्डाच्या पुढच्या खोलीत बोधलेच्या ओठाला टाके घातले. सिस्टर बाहेर गेल्यावर त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता हा पोलिसांचं बोलणार. दात नसल्यानं त्याचा प्रत्येक शब्द हवा सोडत बाहेर येत होता.

"शेवंतानं मारलं," तो म्हणाला. "मीही तेच सांगतो. वॉर्डातून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून मी धावत आत आलो, पेशंट अंगावर आली. कळलं?"

"तुम्ही आरडाओरडा ऐकून न्हवता आला."

"तेच म्हणतोय मी. आंघोळीच्या वेळी आत कसा आलो, हे कुठं काढत बसतेस? तुझी नोकरी जाईल, माझीही जाईल. कुणाचं भलं आहे त्यात?" तो थांबला, ओठाला रुमाल लावला. "ऋतुजाला मी दुसऱ्या वॉर्डात टाकतो. ती तर रडतच बसलीय, सहा नंबर नको म्हणतेय. तुझी ऑर्डर या महिन्यात. मुकादमीण, कायम. माझा शब्द."

या वेळी तो खरं बोलत होता. घाबरलेला माणूस खरं बोलतो. मी जे इतकी वर्षं मागत होते ते मला त्याचे दात पाडल्यावर मिळत होतं. मला हसू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

"आणि शेवंता?"

"नऊ नंबरला नेतील. काही महिने ठेवतील, बघतील. तिला काय गं, इथं नाहीतर तिथं."

मी माझ्या हाताकडं बघितलं. अंगठा बाहेर होता. मी म्हणाले, "आलेच."

शेवंता तिच्या खाटेवर बसली होती. नऊ नंबरहून माणसं यायची होती. गाठोडं तिनं शेजारच्या म्हातारीच्या खाटेखाली सरकवलं होतं, नऊ नंबरला सामान नेऊ देत नाहीत म्हणून.

"का बोललीस तसं?" मी विचारलं.

"तुमची नोकरी जाईल. पोरं हायती तुम्हाला."

"तुला लेक हाय."

"तिला माझ्याबिगर ऱ्हायाची सवय हाय," शेवंता म्हणाली. मग माझ्या डाव्या मनगटाला हात लावला. ते अजून थोडं वाकडं आहे. "पाय घसरला म्हणून सांगितलंत तुम्ही. मला त्या वक्ताला कळत न्हवतं, पर मागनं समदं आठवलं. मी रोज म्हणायची, ह्याचं कसं फेडू."

"सोमवारी भाऊ येणार हाय तुझा."

तिचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते. मी बघितलं, अंगठे बाहेर होते, अगदी सैल. तिनं मन घट्ट करून ठरवलेलं होतं. मला तिचा राग आला, खराखुरा. किती तरी दिवसांनी मला कुणाचा तरी धडपणे राग आला होता. कुणी मला न विचारता आपली लेक माझ्यासाठी टाकून देतंय, ही कुठली रीत झाली?

मी सरळ दाते मॅडमच्या खोलीत गेले. त्या जेवायला बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं.

"मॅडम, बोधलेला मी मारलं. शेवंतानं न्हाई."

त्यांनी डबा बाजूला सारला. "मालन, मार खाणारा म्हणतोय शेवंता. शेवंता म्हणतेय शेवंता. तू कशाला मधे येतेस? दमलीयस तू. चार दिवस घरी जा."

"दमलीया तर खरं. पर मारलं मीच. किल्ल्यांनी. ऋतुजाला विचारा. आणि किल्ल्या बघा, धुतल्या न्हाईत अजून." मी जुडगा टेबलावर ठेवला. "आणि तो आंघोळीच्या टायमाला आत आला हुता, घंटी न वाजवता. तेबी त्येला विचारा."

मॅडम जुडग्याकडं बघत राहिल्या. "त्याला बुडवणार होतीस?"

"व्हय."

"मारून टाकणार होतीस?"

"व्हय."

"मग थांबलीस कशी?"

"मी न्हाई थांबले," मी म्हणाले. "त्यांनी चादर टाकली माझ्यावर. शेवंतानं आणि त्या दोघींनी. समोरून टाकली, कुशीवर निजवलं, माझं डोकं धरून बसली ती. नऊ नंबरला टाकणार तिला? तिनं एक मानूस वाचवलं आज. दोन म्हणा."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "नोकरी राहणार नाही तुझी. हे लपवता येणार नाही मला."

"ठावं हाय."

"आणि सोमवारचं मी आत्ता सांगू शकत नाही. मोठ्या डॉक्टरांच्या हातात आहे."

"तुम्ही बोला त्यांच्याशी. तुम्ही बोलत न्हाई कधी, म्हणून ऐकतील."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली.

पोलिसांत काही गेलं नाही. अंगणात येण्याचा जाब बोधलेलाही द्यायचा नव्हता. संध्याकाळी मी मॅडमकडून जुडगा परत घेतला, घासून धुतला आणि ऋतुजाच्या हातात दिला. पोरगी वाईट नव्हती. तिला शिकवायला सांगितलं होतं ते मी शिकवलं, उभ्या उभ्या जेवढं होईल तेवढं. मागून जायचं नाही. नाव घ्यायचं. आमटीचं सांगायचं. अंगठ्याकडं बघायचं, बायकांच्याही आणि स्वतःच्याही. शेवटचं ते हौसामावशीनं शिकवलं नव्हतं, माझं मी जोडलं.

"मला जमेल का हो?" ऋतुजानं विचारलं.

"न जमलं तर बायकांना विचार. त्यांना समदं येतंय."

किल्ल्या दिल्यावर शेवंताला भेटायला मला आत सोडलं नाही. फाटकातून बाहेर पडताना मागं वळून बघितलं तर सहा नंबरच्या खिडक्यांत कुणी दिसलं नाही, जेवणाची वेळ झाली होती. घरी जाऊन मी चप्पल दारात काढली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो घाबरला. मग त्यानं माझ्या हाताला स्वच्छ चिंधी बांधली, आणि मी दुखतंय दुखतंय म्हणून त्याला पुरतं हैराण केलं.

त्याला बरीच वर्षं झाली. आता मी एका मंगल कार्यालयात स्वयंपाकाला असते. पगार बेताचाच आणि बढती तिथंही नाही, लाटणं तेवढं मोठं मिळालं. बोधलेच्या दातांचा मला पश्चात्ताप नाही. हौदाचा आहे, कधी कधी पाणी बघितलं की अंगावर काटा येतो. पण शेवंताचं काय झालं, हे मला कळलं नव्हतं. इस्पितळाच्या माणसांना विचारायचं मी टाळत गेले. नऊ नंबर म्हणाले असते तर मला ते झेपलं नसतं.

मागच्या थंडीत एका लग्नाची भाजी आणायला तालुक्याच्या बाजारात गेले होते. वांग्यांच्या ढिगापाशी एक बाई उभी होती, केस पांढरे, पदर डोक्यावर. शेजारी एक तरणी लेकुरवाळी पोर, कडेवर बाळ. बाई वांगी हातात घेऊन दाबून बघत होती. मी ओळखली. तिनंही मला बघितलं, पण तोंडाकडं नाही. तिनं आधी माझ्या हाताकडं बघितलं.

माझा एक हात पिशवीत होता. दुसरा मी वर उचलला आणि पंजा उघडून तिला दाखवला. पाची बोटं.

"कोण गं आई, ह्या?" पोरीनं विचारलं.

"ही मालन," शेवंता म्हणाली. तिनं हातातली वांगी खाली ठेवली, माझा उघडा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कोपराखालच्या व्रणावर अंगठा फिरवला. "आज काय केलंयस जेवायला?"

"मुगाची आमटी," मी म्हणाले.